सासरेबुवांना हुकूम कसा द्यावा

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. बाबांची सर्दी उतरली, तुझ्या बहिणीचं हसू मात्र अजून उतरलेलं नाही. तुझी पाठदुखी कशी आहे ते कळव.

तुझ्या वडिलांनी जन्मभर भूगोल शिकवला, नकाशावर शेकडो बेटं दाखवली आणि स्वतः एकही पाहिलं नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही (सल्ले दिले, ते वेगळं). आणि मागे एकदा एकदम म्हणाले, जावईबापू, तुम्हाला शिडाची बोट चालवता येते ना, मग परदेशी जाऊन एकदा बेटं दाखवा की! मला येते, पण तलावात. तिकडे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय बोट भाड्याने देत नाहीत, आणि ते परीक्षेशिवाय मिळत नाही. मी आपला हो म्हणून बसलो. बाबांनी तर टोपीसुद्धा आणली. आता माघार घ्यायची कुठल्या तोंडाने?

लेखी परीक्षा झकास गेली. घोड्याने पेंड खाल्ली ती पाण्यावर. परीक्षक म्हणाला, सुकाणू तुम्ही धरा, हुकूम द्या, शिडाच्या दोरीवर आपला माणूस आणा. तुझ्या बहिणीने हात वर केले. बाबा टोपी घालून तयार! आता तूच सांग, सासऱ्याला 'सोड दोरी' कसं म्हणायचं? मी म्हणालो, "बाबा, त्रास होणार नसेल तर तेवढी दोरी जरा सैल करता का?" माझं वाक्य 'नसेल'पर्यंत पोचलं तेव्हा बोट धक्क्यावर आदळली होती. त्यात बाबा हाडाचे मास्तर. आधी 'का?' विचारणार, उत्तर बरोबर आलं की शाबासकी देणार, मग दोरी सोडणार. परीक्षकाने कपाळाला हात लावला. म्हणाला, आता शेवटचं, पाण्यात पडलेला माणूस उचलायचा. हेही असंच झालं तर नापास.

माणूस म्हणून त्याने एक रबरी ट्यूब फेकली. ती दाखवायला बाबा वाकले (तिच्याकडे हाताचं बोट रोखून ठेवायचं, असा नियम आहे) आणि धप्पकन स्वतःच पाण्यात! अंगात लाइफ जॅकेट होतं, पण पोहता येत नाही रे त्यांना. पुढे मी काय बोललो ते मला आठवत नाही, धक्क्यावरच्या तुझ्या बहिणीला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "ए बाबा, लाथा झाडू नकोस! दोरी धर! धर म्हणतो ना, गाढवा!" परीक्षकालाही म्हणे मी 'बघतोस काय, ओढ!' म्हणालो आणि तो बिचारा ओढायला लागला. एका फेरीत बाबा वर. टोपी गेली. मला रडू आवरेना. परीक्षकाने गुपचूप सही केली.

आणि आता बाबा म्हणतात, मी पडलो नाही, मुद्दाम उडी मारली. तुमचा आवाज फुटेना, काय करणार? अरे, पोहता न येणारा माणूस माझ्या भरवशावर उडी मारतो! माझे स्वतःचे वडील माझ्या सायकलवर कधी डबलसीट बसले नव्हते. फार जीव जडलाय रे माझा त्यांच्यावर.

तुझा,
भावोजी

ता. क. पत्राचं खरं कारण: रजा काढ आणि आमच्याबरोबर चल. दोरीवर तू हवास. तुला मी बिनदिक्कत काहीही म्हणू शकतो.

ता. क. चि. बाळास आशीर्वाद. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून या चार ओळी माझ्या. पाय घसरला होता. जावईबापूंना सांगू नकोस. इतकी वर्षं माझ्याशी अर्ज केल्यासारखं बोलायचे, आता कुठे घरातल्यासारखे ओरडायला लागलेत. तू खुशाल ये, पण दोरी तुला मिळणार नाही.
— बाबा