उवांचा कायमचा बंदोबस्त

५ फेब्रुवारी १९४४, शनिवार

मास्तरांनी दादाच्या मारोतीला शाळेतून घरी पाठवलं. सोबत चिठ्ठी : डोक्यात उवा आहेत, बंदोबस्त करून पाठवणे. चिठ्ठीत ‘उवा’मधला ‘उ’ दीर्घ लिहिला होता. ऊ एकटी असली की दीर्घ, पुष्कळ असल्या की ऱ्हस्व. दुरुस्त करून चिठ्ठी परत पाठवली.

मारोतीची धाकटी बहीण गोदा, तिचंही डोकं पाहिलं. तेच.

वेळ वाईट आहे. सेनगावचे व्यंकटराव आपल्या मुलीसाठी मला पाहायला येणार आहेत, याच महिन्यात. यापूर्वीची दोन स्थळं हातची गेली. दोन्ही वेळी दोष माझा नव्हता. पण पोरं पाहुण्यांसमोर डोकं खाजवत बसली तर हेही जाईल, आणि मग अप्पा म्हणाले आहेत की बाप म्हणून पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. घरात चौथीपर्यंत शिकलेला मी एकटाच. जबाबदारी घेतली.

६ फेब्रुवारी, रविवार

उवा आल्या कुठून? आधी हे शोधलं पाहिजे. शाळेत पोरं ज्या तरटावर बसतात, त्यावर माझा शक आहे. मास्तरांच्या टोपीवरही आहे, पण ते लिहून ठेवणं बरं नाही.

सकाळी तांड्यावरची मोतीबाई लाकडं विकायला आली. तिला दारातच थांबवून विचारलं की डोकं साफ आहे ना. ती म्हणाली, दादा, डोक्यावर लाकडं आनली, उवा न्हाई. मोजून घ्या. वहिनी चुलीपुढे बसल्या बसल्या हसली. घरातलीच माणसं अशी वागली तर बंदोबस्त होणार कसा?

९ फेब्रुवारी, बुधवार

मूळ सापडलं. आपल्याच ओट्यावर आहे.

रोज जेवणं झाली की शेजारची शकुबाई फणी घेऊन येते. मग आळीतल्या बाया एकीच्या मागे एक अशा बसतात आणि एकमेकींच्या उवा पाहतात. पोरीही त्यातच. चार बिऱ्हाडांची डोकी एका जागी! मी जवळ गेलो की बोलणं थांबतं. मी वळलो की हसू येतं. वर शकुबाई रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून विचारते, कुठले, कुणाकडं निघाले, काहून आले? तिला काय करायचं आहे?

नीट विचार केला. उवा संपल्या तर शकुबाईची बैठक संपेल. म्हणजे ती त्या संपू देणार नाही. थोड्या मागे ठेवत असणार.

१० फेब्रुवारी, गुरुवार

बैठक बंद केली. शांतपणे सांगितलं की आजपासून ओट्यावर उवा पाहायच्या नाहीत. शकुबाई म्हणाली, बसू आमी आमच्या घरी, तुमच्या वट्ट्याला काय सोनं लागलं का? वहिनी म्हणाली, भावजी, उवा हुकमानं मरत न्हाईत, फणीनं मरतात.

शकुबाई जाताना फणी घेऊन गेली. फणी तिचीच होती.

ओटा आता अगदी स्वच्छ दिसतो.

१४ फेब्रुवारी, सोमवार

औषधाचा दिवस. पहिला विचार रॉकेलचा होता. पण रॉकेलवर कंट्रोल आहे. वहिनीनं बाटली लपवली आणि म्हणाली, दिव्याला मिळून न्हाई राहिलं अन् हे डोक्याला लावायले, तेही चुलीजवळच्या लेकरायला.

दुसरा विचार सीताफळाच्या बियांचा. स्वतः कुटल्या. पाखडताना वारा फिरला आणि भुकटी माझ्या डोळ्यांत गेली. दोन्ही डोळे सुजले, पाण्याची धार थांबेना. वहिनीनं उरलेली भुकटी उकिरड्यावर फेकली. लेकरायचे डोळे घालवता का, असं ओरडली. माझ्या डोळ्यांबद्दल काही बोलली नाही.

बिया शकुबाईच्या घरून आल्या होत्या, हे नंतर कळलं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

निजामाच्या राज्यात शाळेला शुक्रवारची सुट्टी, म्हणून पोरांची पूर्ण तपासणी केली. उवा वाढल्या आहेत. आठ दिवस फणी लागली नाही म्हणून, असं वहिनीचं म्हणणं. मला वाटतं, शकुबाईनं जाताना मुद्दाम मोठमोठ्या सोडल्या.

दादाचा कंगवा घेऊन मीच बसलो. दात विरळ, त्यातून हत्तीसुद्धा निसटेल. मारोती पळून पिंपळावर चढला. गोदा म्हणाली, काका, शकुआजीच्या हातानं झोप येते, तुमच्या हातानं रडू येतं.

डोळे अजून गळतात. पाहुणे अठ्ठावीस तारखेला, सोमवारी येणार असा निरोप आला आहे.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आज कायमचं काम केलं. केसच नसतील तर उवा राहतील कुठे? इतकी सोपी गोष्ट आळीत कुणाला सुचली नव्हती.

अप्पा हळद शिजवायला मळ्यात आहेत. कढई उतरेपर्यंत रात्रंदिवस तिकडेच. वहिनी भाकरी घेऊन गेली होती. आपला न्हावी तापानं पडला आहे, म्हणून कनेरगाव नाक्याचा न्हावी आला होता, त्याला बोलावलं. आधी मारोती. त्यानं रडून आळी गोळा केली. मग दादा म्हणाला, उन्हाळा येऊनच राहिला, माझंही उडवून टाक. तो डोकं चकोट करून आंघोळीला गेला. शेवटी मी. आधी स्वतः केल्याशिवाय लोक शिकत नाहीत.

मिशीतही लिखा राहू शकतात असा मला शक आहे, म्हणून मिशी काढायला सांगितली. न्हाव्यानं वस्तरा थांबवला. म्हणाला, मिशी बी? घरात काही झालं का, मालक? उवांची गोष्ट परगावच्या माणसाला कशाला सांगायची? मी म्हणालो, झालं ते झालं, आता बोलून काय उपयोग? माझे गळते डोळे पाहून त्यानं मान हलवली. नंतर गप्पा मारल्या नाहीत, चहा घेतला नाही. शिस्तीचा माणूस.

गोदाला पाटावर बसवणार तोच वहिनी आली. हातात विळा. म्हणाली, पोरीच्या केसाला हात लावा, मग सांगते. मग माझ्याकडे पाहून तिनं कपाळावर हात मारला. सासरे जित्ते असताना मिशी काढली? लोक काय म्हणतील? मी म्हणालो, स्वच्छ म्हणतील.

२७ फेब्रुवारी, रविवार

व्यंकटराव आजच आले! एक दिवस आधी. अचानक येऊन घर पाहायचं, हा डाव मी ओळखला. पण आमची तयारी होती.

दादा आणि वहिनी मळ्यात. ओट्यावर मी एकटा, डोळे पुसत बसलेलो. अंगणात मारोतीचं डोकं उन्हात चमकत होतं. पूर्वीसारखी बायांची बैठक असती तर शकुबाईनं गाडी आळीच्या तोंडाशीच अडवून चौकशा केल्या असत्या. आज ओटा कसा शोभत होता.

व्यंकटराव गाडीतून उतरले आणि मारोतीकडे, मग माझ्याकडे पाहतच राहिले. जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, कवा झालं? मी म्हणालो, मंगळवारी. ते म्हणाले, आमाला काहीच कळालं न्हाई. म्हणजे उवांची कुणकुण यांना आधीपासून होती! शकुबाईशिवाय कोण सांगणार? मी म्हणालो, घरातली गोष्ट, बाहेर कशाला सांगायची? त्यांनी विचारलं, लई तकलीफ झाली का? मी म्हणालो, छे, घटकाभरात आटोपलं, पोरगं तेवढं फार रडलं. त्यांनी मारोतीला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला. कसलीही किळस न करता. भला माणूस.

पाणी पुढे केलं, घेतलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, धीर धरा. आता वरीसभर काही बोलता येत न्हाई. उवांना एवढा काळ लागत नाही, हे मी सांगणारच होतो, पण गाडी वळली.

एकंदरीत पसंत पडलो असं वाटतं.

२ मार्च, गुरुवार

भयंकर दिवस.

दुपारी आळीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. पाहतो तर वसमतची नर्मदाआत्या, अप्पांची सख्खी बहीण. हिंगोलीच्या बाजारात न्हाव्याकडून कुणाला कळलं, त्याच्याकडून तिला. रेल्वेनं आली आणि स्टेशनापासून रडतच. मला मिठी मारून म्हणाली, बापू रे, मला तोंड तरी बघू द्यायचं. कुणाचं ते मला कळेना. तोवर ओट्यावर पुन्हा बाया जमल्या.

घरातून रडणं ऐकू येतं असं कुणीतरी मळ्यात सांगितलं. अप्पा हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांनी पळत आले. दारात दम टाकत त्यांनी विचारलं, कोन गेलं? आमची भादरलेली डोकी पाहून तर ते खालीच बसले. आता खरं सांगा, कोन गेलं?

आत्यानं डोळ्यांवरचा पदर काढला आणि म्हणाली, तूच की रे, संतराम!

मग पुष्कळ वेळ अप्पा माझ्यामागे पायताण घेऊन होते. मळ्यापर्यंत.

शकुबाई म्हणते, मी वट्ट्यावर असते तर पाव्हण्याला सांगितलं नसतं का, म्हातारा हळद ढवळून राहिला म्हणून? झाल्यावर सगळेच शहाणे.

६ मार्च, सोमवार

दादा सेनगावला जाऊन आला. व्यंकटरावांनी त्याचं सगळं ऐकलं. अप्पा जिवंत आहेत याचा त्यांना आनंद झाला. पण सुतकाच्या घरात वर्षभर लग्न नाही आणि मुलगी तेवढी थांबवता येत नाही, म्हणून त्यांनी चारच दिवसांत वसमतचं स्थळ पक्कं केलं. सुपारी फुटली. दादा जेवून आला. माझ्याबद्दल काय म्हणाले, असं मी विचारलं. दादा म्हणाला, पोरगं लई कष्टी वाटलं, असं म्हणाले.

मला शक आहे की वसमतच्या स्थळानंच तो न्हावी पाठवला असेल.

अप्पा बोलत नाहीत.

१३ मार्च, सोमवार

वहिनीनं मला न विचारता बैठक सुरू केली. शकुबाई रोज खोबरेल चोपडते, फणी फिरवते, एकेक लीख नखानं ओढून काढते. पोरांच्या चादरी आणि टोप्या उकळत्या पाण्यातून काढल्या. गोदाचं डोकं साफ झालं. मास्तरांनी तिला शाळेत घेतलं. माझ्या पद्धतीचा परिणाम थोडा उशिरा दिसतो, एवढंच.

७ मे, रविवार

सेनगावच्या लग्नाला जाऊन आलो. मला जायचं नव्हतं. पण अप्पा म्हणाले, पंचक्रोशीत सगळ्याईला कळू दे मी जित्ता हाय, गाडी जुंप. मांडवात लोक त्यांच्याभोवती गोळा झाले. म्हातारे त्यांचा हात दाबून पाहत होते. अप्पा खुशीत होते, दोनदा जेवले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. केस अजून बोटभरही नाहीत, मिशीही नीट आलेली नाही.

नवरी मी पहिल्यांदाच पाहिली. अंतरपाटामागे उभी होती. केस फार दाट, वेणी कमरेच्या खाली. एवढ्या केसांत काय असेल आणि काय नसेल, लांबून सांगता येत नाही.

जवळून पाहायला मिळालं नाही.