दत्तासाठी मागचा एसी

१८ मार्च
जुन्या जीपची मागची बाकं काढली. तिथे धाकट्या दत्ताची खाट बसेल. ट्रॉलीवरून पडल्यापासून छातीखालचं अंग गेलं, घामही येत नाही. ऊन लागलं की ताप चढतो. तरी रोज एकच. "दादा, औंदा हळद शिजताना एकदा गावाकडं, हट्ट्याला ने." वावरातला बॉयलर तोच चालवायचा. माझं एसी दुरुस्तीचं दुकान, आणि भाऊ उन्हाला भिऊन खोलीत. बघवत नाही.

२३ मार्च
मागच्या एसीला एवढे लांब पाइप तयार मिळत नाहीत. जाड, बारीक दोन्ही मापाने कापले, टोकं मशीनवर दाबली. सायलेन्सर टाळून मागच्या दारापर्यंत नेले. हवेची जाळी तिथेच, बराबर दत्ताच्या तोंडावर. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. गॅस भरला. खुशीत दोनदा चहा.

२५ मार्च
सगळं मुसळ केरात. दत्ताची खाट आत सरकवताना माय आडवी आली. "पाय पुढं करून मेलेल्याला नेतात. माज्या लेकराला न्हाई." माप घेताना सुचलंच नाही. खाट फिरवली, डोकं ड्रायव्हरकडे. गार वारा पायांवर. "लागतंय का?" सवयीने विचारून बसलो. दत्ता हसला. "पायालाच इचार, दादा." दुकानामागे जाऊन रडलो.

२९ मार्च
गॅस काढला, पाइप उतरवले. जाळी पुढे घ्यायची, पाइप आखूड. नवी टोकं नांदेडहून येणार, कधी देव जाणे. हट्ट्याहून शेजारच्या वावरातल्या रहीमचाचांचा फोन. "सबकी हल्दी हो गई. दत्तूके वास्ते थोडी कच्ची रख्या हूँ. उसकू जल्दी लाव."

२ एप्रिल
दत्ताला जोराचा ताप. जीप दुकानात, पाइप नुसते लोंबत. भाड्याच्या गाडीतून, ओल्या चादरीत गुंडाळून नांदेडला नेला. माय वाटभर पदराने वारा घालत होती. दवाखान्यात म्हणाली, "पाय पुढं ठिवले असते तरी चाललं असतं रे. मीच आडवी आले."
तिचा राग येत नाही. कापायच्या आधी तिला एकदा विचारायचं, एवढंच होतं.

५ एप्रिल
पाइप बसले. गॅस टिकला. जीप दवाखान्याच्या आवारात आणून लावली. दत्ता कधी ओळखतो, कधी नाही. डॉक्टर म्हणतात, बघू.
चाचांना फोन केला. "रखी है बेटा. कोंब आने लगे."
माय जीपमध्ये चढून रिकाम्या खाटेवर बसली, उशीजवळ जाळीच्या वाऱ्यात हात धरला. "गार येऊन राहिलं रे." एसी बंद करायला गेलो तर म्हणाली, "असू दे."