बोक्याच्या गळ्यातली किल्ली

२ ऑक्टोबर १९९१, बुधवार

आज एडविन कालव्यात उतरला. हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि घरातलं सगळं मी आजवर ज्याला सांगत आले तो माझा नवरा, एडविनच. म्हणून ही वही.

एका बोटवाल्याने त्याला घरी आणलं. गुडघ्यापर्यंत ओला. पायात घरातल्या सपाता, त्यातलीही एक गेलेली. "आजोबा मांजराला हाका मारत होते," बोटवाला म्हणाला. "मांजर काठावर कोरडं बसलं होतं, आजोबाच पाण्यात." मी आभार मानले, चहाचं विचारलं, तो थांबला नाही. दार लावल्यावर मी एडविनला रागावले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिशप आला का?"

बिशप म्हणजे आमचा बोका. सगळा काळा, गळ्याशी तेवढा पांढरा, पाद्र्याच्या कॉलरसारखा. तो मागच्या दारावर नखं घासतो, एडविन उठतो, दार उघडतो. हे वर्षानुवर्षं चाललंय. पूर्वी एडविन दार लावून परत खुर्चीत बसायचा. आता बोक्याबरोबर तोही जातो. परसापुढे गल्ली, गल्लीपुढे कालवा.

कुलूप लावून पाहिलंय. मग बोका ओरडतो, आणि बोका ओरडला की एडविन दाराची मूठ धरून हलवत राहतो, हाताची सालं निघेपर्यंत. म्हणजे नुसतं कुलूप पुरत नाही. बोक्याला एडविनची गरजच पडता कामा नये.

३ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवारी एडविनला चॅपलच्या हॉलवर नेतात. तिथे म्हातारी माणसं पत्ते खेळतात, गाणी म्हणतात. तेवढे दोन-तीन तास माझे. शेजारची नोरा अ‍ॅक्रॉइड ते तास खायला आली.

"बोका मला देऊन टाक, मॉड. सगळा प्रश्नच मिटला."

"तो भिंतीवरून परत येईल."

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावलीस, एका बोक्याला लावता येईना?"

"पोरांना घरी पाठवता यायचं."

"मग दाराला भोक पाड नि बस," असं म्हणून ती गेली. कालव्याची बातमी तिला होतीच. सपातेचीसुद्धा.

बोका देणार नाही. एडविनला माझं नाव आठवत नाही असे दिवस येतात. बिशपचं आठवतं. पण भोकाचं मात्र ती बरोबर बोलली.

५ ऑक्टोबर, शनिवार

एडविनला घेऊन हॉजसनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. मांजराला ये-जा करायला दारात बसवतात ती झडप हवी म्हटलं.

"बोका केवढा?" हॉजसन.

"बोक्याएवढा."

"तसं नव्हे, मिसेस बूथ. जमिनीपासून पोट किती उंच? झडप त्या उंचीवर बसवायची. लोक दार मोजून येतात, मांजर मोजून कुणी येत नाही."

मीही मोजलं नव्हतं. त्याने तीन प्रकार काउंटरवर मांडले. एक साधी, नुसती ढकलायची. "हिच्यातून तुमचा बोका बाहेर जाईल आणि गल्लीतले बाकीचे जेवायला आत येतील." दुसरी तशीच, पण वाटेल तेव्हा खिटी लावून बंद करता येणारी. म्हणजे बोक्यासाठी मी खिटी काढायची नि लावायची – एडविनचं काम माझ्याकडे. तिसरी लोहचुंबकाची. बोक्याच्या पट्ट्याला बोटाच्या पेराएवढं चुंबक, ते जवळ आलं की खिटी आपोआप उचलली जाते. आतूनही, बाहेरूनही. बाकी कुणाला उघडत नाही.

तिसरी घेतली. महाग आहे. एडविनने तोवर दुकानातल्या सगळ्या बिजागऱ्या उघडून-मिटून पाहिल्या.

६ ऑक्टोबर, रविवार

चॅपलहून आल्यावर बोका मोजला. एडविनने त्याला धरलं, मी पट्टी घेऊन ओट्याशी गुडघ्यांवर. बोक्याने पोट आत ओढलं. "श्वास सोड रे, शिंपीण नाहीये ती," एडविन त्याला म्हणाला. मला हसू आलं. कधीचं आलं नव्हतं.

मागचं दार एडविनने स्वतः केलेलं. जुनं चॅपल पाडलं तेव्हा बाकांचं ओक त्याने मागून आणलं होतं. आम्ही एकाच शाळेत होतो. मी इतिहास शिकवायची, तो सुतारकाम. लग्न झाल्यावरही घरात तो मला 'बाई' म्हणायचा, चिडवायला. "बाई, गृहपाठ झाला नाही," असं म्हणत चहाची कपबशी पुढे करायचा.

आज त्याने दारावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चॅपलच्या लाकडातून बिशप? आपल्या लोकांना चालायचं नाही, बाई." आपल्या पंथाच्या चॅपलमध्ये बिशप, म्हणजे वरचा धर्मगुरू, नसतो, हे त्याला आठवत होतं. आजचा दिवस चांगला गेला. लिहून ठेवते.

९ ऑक्टोबर, बुधवार

डेनिस आला होता. चांगला सुतार आहे, एडविनचाच विद्यार्थी, आता स्वतःच पन्नाशीकडे. करवत काढली आणि थांबला.

"सरांच्या दारावर चालवू?"

"तुझ्या दारावर चालवून मला काय उपयोग?"

"सर बघतायत, बाई."

एडविन बघत नव्हता. उठून दाराला पाठ लावून उभा राहिला होता, हात दोन्ही बाजूंना पसरून. मी म्हटलं, बाजूला हो. नाही. डेनिसने समजूत घातली, "सर, लहानशीच खिडकी." नाही. चहा दाखवला तरी नाही.

डेनिसला म्हटलं, उद्या ये, गुरुवारी. एडविन कुठल्या वेळेला हॉलवर असतो तेही सांगितलं. चोराला सांगावं तसं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

झालं. डेनिसने नीट काम केलं, कडाही घासून दिल्या. कापून निघालेला चौकोन पुसून माझ्या हातात दिला. "टाकवेना," म्हणाला. पैसे घेईना. घ्यायला लावले.

एडविन आला. दारासमोर उभा राहिला. मला वाटलं आता काय होतंय. तो वाकला, झडपेवर बोटाने टकटक केली, चौकट चाचपली.

"फार लहान केलंस, बाई," म्हणाला.

लाकडाचा तुकडा त्याच्या हातात दिला. संध्याकाळभर मांडीवर घेऊन अंगठ्याने कड चोळत बसला होता.

१३ ऑक्टोबर, रविवार

बिशप झडपेतून जाईना. लाकडी चिमटा लावून ती उघडी ठेवली. पलीकडे सार्डिन ठेवलं. तो भोकासमोर बसून आधी मासा बघतो, मग मला बघतो. पट्ट्याचं चुंबक आणखी वेगळंच. काल चमचा चिकटवून आणला, आज खिळा. घरातल्या टाचण्या उचलून ठेवल्या.

एडविन दर वेळी दार उघडायला उठतो. त्याला समोर बसवून शिकवलं, पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं. "हे बघ, बिशपच्या गळ्यात किल्ली आहे. ही किल्ली ज्याच्याजवळ, त्याला दार उघडतं. दुसऱ्या कुणाला नाही. आता तुला उठायला नको."

"ज्याच्याजवळ किल्ली त्याला उघडतं."

"बरोबर."

दोनदा म्हणवून घेतलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बोका शिकला. खट् असा आवाज होतो आणि तो गेलेला असतो.

दुपारी तो दाराशी गेला तसा एडविन खुर्चीचे हात धरून उठला. गुडघे आता लवकर साथ देत नाहीत. दारापर्यंत पोचला तोवर खट् झालं होतं. मुठीवर हात ठेवून उभा राहिला.

"गेला?"

"गेला."

"मग मी काय करू?"

बस, म्हटलं. बसला.

मी फक्त त्याला बाहेर जाण्यापासून थांबवायचं पाहिलं. तो दिवसभरात उठायचा तो तेवढ्यासाठीच उठायचा, हे हिशेबात धरलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आज एडविन खुर्चीतून उठला नाही. दार बंद होतं. सुरक्षित आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

बोक्याच्या गळ्यात पट्टा नाही. काल पाच नोव्हेंबर, दरवर्षीच्या शेकोट्या नि फटाके – हॉजसन म्हणतो, घाबरून काटेरी झुडपात शिरला असेल, तिथे अडकला असेल पट्टा. "फार मांजरं पट्टे हरवतात, मिसेस बूथ. म्हणून आम्ही चुंबकाचे पट्टे सुटेही विकतो." नवा घेतला. बिशपला चांगलं सुनावलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

दुसराही गेला. बोका दिवसभर घरातच, पट्टा गेला कुठे? कोचाखाली पाहिलं, ओट्याखाली पाहिलं. बोका पुन्हा दारावर नखं घासू लागला आणि एडविन पुन्हा उठू लागला. आज दार मी उघडलं, त्याचं कोपर धरून, बोका गेल्यावर लगेच लावलं. तेवढ्यात त्याचा चेहरा पाहिला. बऱ्याच दिवसांनी त्यावर काहीतरी होतं.

तरी तिसरा पट्टा आणला. रोज अशी कोपरं धरायला माझ्या हातात जोर नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी कपड्यांना इस्त्री करत होते. एडविन शेजारी येऊन उभा राहिला. हात बाजूंना सरळ, मान खाली.

"बाई, मी बाहेर जाऊ का?"

मला वाटलं चिडवतोय. म्हटलं, "जा, दहा मिनिटांत परत ये." त्याच्याच खेळात. मग वर पाहिलं. तो चिडवत नव्हता.

"थंडी आहे," म्हटलं. "नंतर."

"तुम्ही सांगाल तेव्हा," म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

तुम्ही म्हणाला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

खाटकाकडे रांग होती. एडविनला आत ठेवून कुलूप लावून गेले होते. रोज जाते.

परत आले तर नोराच्या हाका – समोरून नाही, परसातून. गल्लीने फिरून गेले. नोरा मागच्या दाराशी ओल्या फरशीवर बसलेली, अंगात फक्त घरातला झगा. झडपेतून एक हात बाहेर आलेला, खांद्यापर्यंत. एडविनचा. तिने तो दोन्ही हातांत धरला होता.

"कपडे वाळत घालताना दिसला," ती म्हणाली. "दार उघडेना. मग काय करणार? बसले."

"किती वेळ बसलीस?"

"तू मटण आणलंस तेवढा वेळ."

मूठ घट्ट मिटलेली, निळी पडलेली. नोरा सांगते, ती चोळत होती तरी उघडायला तयार नाही. आतून एडविन हळू आवाजात काहीतरी म्हणत होता. मी वाकून ऐकलं. "उघडत नाही. उघडत नाही."

डेनिसला बोलावलं. त्याने चौकटीचे स्क्रू काढले, मग हात मोकळा झाला. एडविनने मूठ तशीच कोटाच्या खिशात घातली आणि दिवसभर बाहेर काढली नाही. घास मी भरवला. तिसरा पट्टाही बोक्याच्या गळ्यात नाही, हे संध्याकाळी लक्षात आलं. आज बोक्याला सुनावायचं त्राण माझ्यात नव्हतं.

नोराचे गुडघे सुजलेत. तिला सूप नेऊन दिलं. म्हणाली, "मीठ कमी आहे."

३० नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर येऊन गेले. खांदा बरा होईल. बाकीचं बरं होणार नाही, आणि मी एकटीने आता ओढू नये, असं म्हणाले. कालव्यापासून दूर, टेकडीवर एक नर्सिंग होम आहे, तिथे जागा झाली आहे. मी विचारलं, तिथली दारं कशी आहेत. ते म्हणाले, दारांची काळजी करू नका, ती उघडत नाहीत.

हो म्हटलं.

८ डिसेंबर, रविवार

एडविनच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवल्या. कोट तेवढा राहिला, त्याला हात लावू देत नाही. झोपतानाही खुर्चीच्या पाठीवर, हाताशी.

नोरा विचारत होती, बोक्याचं काय. इथेच राहील, म्हटलं. झडपेला चिमटा लावून ती उघडी ठेवलीय. गल्लीतली बाकीची येतात जेवायला. येऊ देत.

९ डिसेंबर, सोमवार

एडविनला पोचवून आले. तिथल्या मेट्रनबाईंनी सामान टेबलावर मांडून एकेक लिहून घेतलं. मग कोट मागितला. मी सांगितलं तेव्हा त्याने दिला. त्यांनी खिसे रिकामे केले.

"मिसेस बूथ, हे परत नेता का? आमच्याकडे मांजर नाही."

एडविनने त्यांच्याकडे पाहिलं, मग मोठ्या दाराकडे. "किल्ल्या आहेत त्या," म्हणाला. "ज्याच्याजवळ असतील त्याला उघडतं. बाईंनी शिकवलंय."

मी म्हटलं, लिहून घ्या, आणि त्याच्याजवळच राहू द्या.

सोपवलं ते असं: सदरे चार. पायजमे तीन. लोकरी बनियनं दोन. नव्या सपाता, एक जोड. चष्मा. घड्याळ. ओक लाकडाचा चौकोनी तुकडा, एक. कोट, एक. कोटाच्या उजव्या खिशात मांजराचे पट्टे, लोहचुंबकासकट, तीन.