दोघांतलं एक पान

५ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या डबीत चांदीची दोन पानं आहेत, दोन्हींवर हिरवा मीना. एक बाबांच्या हातचं, एक माझं. कोणतं कुणाचं ते सांगणार नाही. बरं वाटेल त्याला कोंदण करून लॉकेट करा, दुसरं परत पाठवा. तुम्ही माझं निवडलंत तर बाबा मला भट्टीवर बसवणार, नाहीतर आणखी वर्षभर रंगाची काच कुटत बसायचं. माझा भाऊ माझं काम डोळे मिटून ओळखील, असं म्हणत ते खुशाल कबूल झाले. मी वशिला लावत नाही, पण तुमची लाडकी पुतणी कोण, एवढं आठवून पाहा.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो निवू देऊ नका.

तुमची,
ठिणगी

१४ जून

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. एक पान बसवून पाठवतो आहे, दुसरं परत. त्याच्या कडेला मीना इतका जाड चढवलाय की कोंदणाची चांदीची पट्टी वरून दाबली की टवका उडणारच. हे शिकाऊ हाताचं काम आहे, शेंबडं पोरही सांगेल. ज्याने केलं त्याने काही दिवस भट्टीपासून लांब राहावं. दादांना नमस्कार. काकू विचारते, तोंड कधी दाखवणार.

तुझा,
काका

२० जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. परत आलेलं पान बाबांचं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तुझ्या काकाचे डोळे तपासून घ्यायला हवेत. पण शब्दाला जागले. दुसऱ्या दिवशी स्वतःच माझं स्टूल भट्टीपाशी नेऊन ठेवलं. आता ते कोपऱ्यात बसून त्या पानाची कड घासताहेत. मला आनंद झालाय आणि वाईटही वाटतंय. खरं सांगा, तुम्ही ओळखलं नव्हतंत ना?

जीव लावलात तसाच लावत राहा.

तुमची,
ठिणगी

२६ जून

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

डबी उघडताच ओळखलं. दादांची ती जाड कड मी जन्मभर दाबतोय, आणि टवका उडाला की बोल मलाच लागतो. थोरल्या भावाला तोंडावर सांगणार कसं? म्हणून लेकी बोले सुने लागे. पण तू हुरळून जाऊ नकोस. देठाशी तू कानस घाईत फिरवलीस, तिथे तुझाही टवका गेलाय. मी तो पट्टीखाली घातला. झाकली मूठ झाकलीच राहू दे आणि हे पत्र फाडून टाक.

तुझा,
काका

२ जुलै

चि. बंधूस,
अ. उ. आ.

फाडायचं पत्र पोरगी माझ्या चष्म्याखालीच विसरली. कड पातळ करतो आहे. आधी सांगितलं असतंस तर तुला खाल्लं नसतं.

टवक्याचं म्हणशील, तर लॉकेट आलं त्याच दिवशी मी पट्टी उचलून पाहिली होती. पुन्हा दाबून ठेवली आणि स्टूल हलवलं. तिला बसवायचं माझ्याही मनात होतं, पण नाही म्हणून बसलो होतो. पैज जिंकलो असतो तर पंचाईत होती.

यातलं अवाक्षर तिला कळवू नकोस. बापाला फसवल्याच्या धास्तीने तिची कानस सध्या फार जपून चालते.

तुझा,
दादा