फितीची दुहेरी शिवण

३ मार्च

चि. माईस अनेक आशीर्वाद.

मी रग्बी लीग पुन्हा सुरू केली हे वाचून कपाळाला हात लावू नकोस. तेरा जणांची, एकमेकांना आडवं पाडायची ती रग्बी आता राहिली नाही. क्लबच्या समितीनं ती कापून, मुडपून पोराच्या मापाची केलीय. माणसं आठ, वेळ निम्मा, धडक बंद. कमरेला दोन फिती. समोरच्यानं एक ओढून काढली की चेंडूवाल्यानं थांबायचं. लग्नाच्या पंगतीत यापेक्षा जास्त धक्काबुक्की होते.

हृदयाच्या दुखण्यापासून समितीला मी काचेचं भांडं वाटतो. रविवारी धडपणे खेळलो तर संघात, नाहीतर कडेला बसून पाणी वाटायचं, असं सुनावलंय. समोरच्या संघात आमचे दंतवैद्य मेहुणे, तुझे हे, आहेत म्हणे.

फिती माझ्याच शिलाईच्या दुकानात आल्या. मेल्या चिकटपट्टीवर लावलेल्या. माझ्या हातून सुटणारी वस्तू बाहेर गेली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? तूर्त माझ्या फितींना दुहेरी शिवण घातली, बाकीच्यांचं सवडीनं बघू.

लोभ आहेच, काळजी तेवढी कमी कर.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

अरे दादा, फीत सुटण्यासाठीच असते रे. ह्यांनी ओढली, ती सुटेना. दाढा उपटायची सवय, हे पेटले हट्टाला. दोन्ही हातांनी लोंबकळले. तू थांबेनास. शेवटी रेषेच्या अलीकडे तू आडवा आणि हे तुझ्यावर. शंभर किलोचा माणूस, तुझ्या त्या छातीवर. ऐकलं नि आधी देवापुढे दिवा लावला. तुझ्या शिवणीचं कौतुक करावं की तुला बदडावं, कळत नाही.

वर पडल्या पडल्या हे ओरडले काय, तर चेंडू सोडा, लबाड कुठले. लागलं का, एवढं विचारायचंही भान राहिलं नाही, म्हणून तोंड पाडून बसलेत. मनगट सुजलंय, पेशंट परत जातायत.

उलट टपाली खुशाली कळव. माया आहे म्हणून बोलते.

तुझी माई

१३ मार्च

चि. माईस आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. एवढ्या वजनाखालून हसत उठला म्हणजे माणूस धडधाकट, असं समितीत ठरलं. संघात ठेवलं, शिवणकाम काढून घेतलं. आता खेळाआधी अध्यक्ष स्वतः प्रत्येकाची फीत ओढून बघतात.

डॉक्टरांना सांग, मान खाली घालू नका. वर्षभर जो तो मला खुर्ची देतो, लागलं का, दमलात का विचारतो. दुकानात गिऱ्हाईकसुद्धा माझ्याशी हळू आवाजात बोलतं. त्या धुळीत कुणीतरी मला लबाड म्हणालं. फार बरं वाटलं गं.

मनगटाची सूज उतरली की पाठव त्यांना. तुम्हा दोघांचा लोभ असाच अंगावर पडत राहो.

दादा