सात नंबरची बाटली

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

सास्तूर, ता. १८ जानेवारी १९६२

तीर्थस्वरूप बंडप्पा अण्णा यांच्या चरणी मेव्हणा शिवलिंगप्पा निंबण्णा याचे अनेकवार शरणार्थी.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशालीबद्दल मला स्वतःला शंका आहे, ती पुढं येईलच. तुमचं पत्र पोचलं. (पाकीट एका कडेनं ओलं करून उघडल्यासारखं वाटलं. तुळजापूरच्या पोस्टात सध्या कोण बसतं ते कळवावं.) तुम्हाला दिवाळीपासून एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो, कुंकवाच्या दुकानात बसल्या बसल्या दातखिळी बसते आणि देवी अंगात आली समजून गिऱ्हाईक तुमच्याच पाया पडतं, हे वाचून फार वाईट वाटलं. सरकारी गोळीला हात लावणार नाही, बहिणीच्या हातचा पालाच पाठवा, असं तुम्ही निक्षून लिहिलंत. पाला पाठवतो आहे. मी हे लिहितोय आणि तुमची बहीण समोर बसून पुरचुंडी शिवतेय. पण तो तोंडात टाकण्याआधी इथं काय घडलं ते नीट वाचा, कारण तुमच्या कानावर आलंय ते अर्धंच आहे, आणि अर्धं सांगणारे आपल्याच गावचे आहेत.

तुम्हाला आमचा लालमहंमद मलेरियावाला ठाऊक नसेल. दर पंधरा दिवसांनी घरोघर येतो, कुणाला ताप आहे का विचारतो, ताप म्हटलं की बोट टोचून काचेवर रक्त घेतो, पांढऱ्या गोळ्या हातावर ठेवतो आणि जाताना दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जातो. माणूस गोड बोलतो, त्यामुळं माझा त्याच्यावर पहिल्यापासून विश्वास नाही. निजाम गेला, मुंबईचं राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. कुठल्याच सरकारला आजवर माझ्या तब्येतीची फिकीर नव्हती, मग यांनाच एकदम माझं रक्त कशाला हवं? (भिंतीवरचे आकडे म्हणजे घरात धान्य किती याची खूण असावी, असा माझा अंदाज होता. मी ते दोनदा पुसले. त्यानं दोनदा पुन्हा लिहिले, आणि वर हसला.) तर या लालमहंमदच्या कागदांवरून वर कुणाच्या तरी लक्षात आलं की आजूबाजूच्या गावांपेक्षा सास्तुरात हिवताप फार लवकर उतरतो. चौकशी झाली. गावानं एकमुखानं सांगितलं, प्रेमाक्काचा पाला. आणि मार्गशीर्षात एक जीप आमच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

जीपमधून एक तरुण डॉक्टर उतरला आणि त्याच्यामागून बलभीम नावाचा कारकून. डॉक्टर म्हणाला, आम्ही झाडपाल्याचा अर्क काढतो, त्यातला नेमका गुण कशात आहे ते वेगळं करतो, आणि तो हिवतापावर चालतो का हे माणसांवर तपासून बघतो. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा विक्रीकरवाला. कारण डॉक्टर असता तर आल्या आल्या नाडी बघितली असती. यानं आधी फळीवरच्या बरण्या बघितल्या. त्यानं तुमच्या बहिणीकडं पाल्याचा डबा मागितला. ती म्हणाली, "डबा रिकामा हाय बघा." अण्णा, डबा गळ्यापर्यंत भरलेला होता! मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. बावीस वर्षं माझ्या सहवासात काढल्याचा काहीतरी उपयोग झालाच.

पाला नाही तर नाही, निदान झाडाचं नाव तरी सांगा, असं डॉक्टर म्हणाला. इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. तुम्हाला तर माहीतच आहे, तुमच्याच आईची विद्या ती: पावसाळ्यात कुंपणावर चढते ती शिवलिंगी. आता प्रेमा शिवलिंगी कशी म्हणेल? नवऱ्याचं नाव निम्म्याहून जास्त त्यात आलंय. बावीस वर्षं ती मला ‘हे’ म्हणते आणि त्या वेलीला ‘ह्यांची येल’. बोट दाखवावं तर मार्गशीर्षात वेल वाळून गेलेली. डॉक्टर विचारतोय, ही पदराचं टोक चावतेय. शेवटी कशीबशी म्हणाली, "ह्यांचं नाव हाय न्हवं, त्येच." बलभीम हुशार. (हुशार माणसांपासून देव वाचवो.) तो बाहेर गेला आणि दुकानाची पाटी वाचून आला. पाटी अजून वडिलांच्या नावाची आहे: निंबण्णा गुरुपादप्पा, किराणा व काष्ठौषधी. आत येऊन मोठ्यानं म्हणाला, "निंब. निंबच ना बाई?" सासऱ्याचं नाव, तेही मधून तोडून, परक्या माणसाच्या तोंडून भर घरात! तुमच्या बहिणीनं डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घातली. आपल्यात तो वडीलधाऱ्याच्या नावाचा मान असतो. बलभीमच्या वहीत तो होकार झाला.

मी तराजूपाशी बसून सगळं बघत होतो आणि मला सगळं कळलं होतं. तुम्ही विचाराल, मग बोलला का नाहीत? अण्णा, मी कशाला बोलू? घरचं औषध सरकारच्या घशात घालू? डॉक्टर जरा हिरमुसला, म्हणाला निंब तर सगळीकडंच असतो. बलभीमनंच समजूत काढली की इथल्या पाण्याचा निंब निराळा असेल. मठामागच्या झाडाचा तीन पोती पाला ओरबाडून जीप गेली. मी मुद्दाम पोत्यांची तोंडं उघडून खात्री करून घेतली, नुसता कडुनिंब. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पंधरवड्यानं ते बाटल्या घेऊन परत आले आणि शाळेत बारा तापकऱ्यांना जमवलं. त्यांत मीही होतो. (मला खरंच ताप होता, काचेवर किडे दिसले असं लालमहंमद म्हणाला. पण ताप नसता तरी मी गेलो असतो. कुणीतरी आत राहून लक्ष ठेवायला हवं होतं.) आता यातली खरी लबाडी ऐका. सहा बाटल्यांत अर्क आणि सहा बाटल्यांत नुसतं कडू, रंगवलेलं पाणी. रंग एक, वास एक, वर फक्त नंबर. कुणाला काय मिळालंय ते रोग्याला सांगायचं नाही. ठीक आहे, सरकार आजवर तेच करत आलंय. पण अण्णा, ते डॉक्टरलासुद्धा माहीत नाही! यादी लाखेनं बंद करून महांतप्पा गुरुजींच्या कपाटात ठेवलेली. मी डॉक्टरला म्हटलं, म्हणजे तुम्ही मला काय पाजताय ते तुम्हालाच ठाऊक नाही? तो आनंदानं हो म्हणाला, असंच करायचं असतं, म्हणजे कुणी कुणाला फसवू शकत नाही. मी आयुष्यभर माणसांवर संशय घेत आलो, पण स्वतःवरच संशय घेणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. मला तो आवडायला लागला होता, म्हणून मी जास्तच सावध झालो.

मला सात नंबरची बाटली मिळाली. तुमची बहीण दिवसातून तीनदा चमच्यानं मोजून द्यायची. तीन पाळ्या ताप चुकला नाही तर पांढऱ्या गोळ्या द्यायच्या, असा डॉक्टरचा नियम होता. एकेक करून अकराच्या अकरा जण गोळ्यांवर गेले. मी एकटा राहिलो. माझा ताप दुसऱ्याच पाळीला चुकला आणि काच स्वच्छ निघाली. डॉक्टरच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मी सांगू शकत नाही. त्यानं माझा हात हातात घेतला. मग गुरुजींनी सगळ्यांसमोर लाख फोडली. सात नंबर: रंगवलेलं पाणी.

डॉक्टरनं यादी हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचली. मग त्यानं मला तीनदा विचारलं, दुसरं काही घेतलं होतं का? मी तीनदा नाही म्हणालो. (गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली नाही. सदऱ्याच्या गुंडीवर हात ठेवला होता, एवढं लक्षात असू द्या.) त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, आमच्याकडं चहा घेतला, प्रेमाला नमस्कार केला आणि उतरलेल्या तोंडानं गेला. पोरगं तीन आठवडे आमच्या गावापायी धूळ खात होतं. मला त्याचं वाईट वाटलं, हे कबूल करतो.

पण गाव कुठं गप्प बसतंय? पाण्यानं ताप जात नाही, एवढी अक्कल सगळ्यांना आहे. मग गेला कशानं? तर चमचा कुणाच्या हातात होता ते बघा म्हणाले! हातगुण! अर्क हरला, बाटली हरली, प्रेमाक्काचा हात जिंकला. तेव्हापासून दारात बैलगाड्या लागतात, माकणीहूनसुद्धा. लालमहंमदच्या गोळ्या आता कुणी हातातही घेत नाही, आणि तरी तो मोठ्या खुशीत असतो, याचं कारण मला अजून उमगलेलं नाही. मागल्या आठवड्यात माकणीच्या लालबीला गाडीत घालून आणली, बाई तापानं बरळत होती. तुमच्या बहिणीनं चिमूटभर पाला चाटवला, पुड्या बांधून दिल्या आणि पाठवून दिली. ही काही वाचत नाही, असं मी धरून चाललो. चौथ्या दिवशी लालबी स्वतः चालत नारळ घेऊन आली. कशी बरी झाली ते माझ्या आकलनाबाहेरचं आहे. तर अशी ही हकीकत. तुमची बातमी याच हातगुणाची, आणि त्याच भरवशावर तुम्ही पाला मागवलात. वहिनींना नमस्कार. थंड पाण्यानं आंघोळ करू नये.

आपला आज्ञाधारक,
शिवलिंगप्पा

ता. क. – तुमची बहीण दूध बघायला आत गेलीय, म्हणून घाईनं लिहितो. अण्णा, मी त्या पाल्याचं एक पानसुद्धा बावीस वर्षांत गिळलेलं नाही. तोंडात धरायचं आणि गोठ्यात थुंकायचं. माझा ताप पांढऱ्या गोळ्यांनी गेला. लालमहंमद दर वेळी द्यायचा त्या मी पुढंमागं पुरावा म्हणून साठवल्या होत्या. खरा ताप भरला तेव्हा भिऊन त्याच खाल्ल्या. त्या डॉक्टरला फसवणारा गावात एकच माणूस निघाला, आणि तो मी. उरलेल्या गोळ्या निळ्या कागदात बांधून पुरचुंडीच्या तळाशी घातल्या आहेत. कशा घ्यायच्या ते लालमहंमदला आडून विचारून कागदावर लिहिलंय. हात जोडून सांगतो, पाला टाकून द्या, गोळ्या घ्या. तुमच्या जिवाशी हा खेळ मला सोसणार नाही.

ता. क. २ – खरं काम हे. बरं वाटल्यावर बहिणीला पत्र टाका की तुझ्या पाल्यानं गुण आला नाही, गोळीनं आला. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची नाही. लालबी वाचली, एखादा वाचणार नाही, आणि ते पाप माझ्या डोक्यावर बसेल. मी स्वतः सांगितलं असतं. पण मी पाला थुंकत होतो हे तिला कळलं तर तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नाही. पत्र वाचून फाडावे.

अण्णास प्रेमाचे शरणार्थी. हे गाडी कधी हाय ते विचारायला कंडक्टरकडं गेलेत, पत्र उघडंच हाय, म्हणून दोन ओळी लिवते. अण्णा, निळ्या कागदातल्या गोळ्या खाऊ नका. पुरचुंडीतल्या पाल्यात गोळ्या कुटून घातलेल्याच हायत, तुमच्या वयाच्या मापानं. दोन्ही मिळून लई होतील. कागद मी काढून घेतला असता, पण हे पुरचुंडी चाचपून बघितल्याबिगर गाडीत घालू देणार न्हाईत. दुकानात बसून ह्यांनीच समद्या गावाला भरवलं की गोळीनं माणूस निकामा होतो. लोक गोळ्या उकिरड्यावर टाकायला लागले. मागल्या सालच्या आदल्या साली शेजारच्या सकिनाबीचं धाकटं भाचं त्या तापानं गेलं, गोळ्या घरात असून. तवापासून लालमहंमदभाई माप सांगतात, सकिनाबी अन् मी कुटतो, अन् लोक माझ्या हातनं मुकाट खातात. डबा डॉक्टरला दिला असता तर त्यातली गोळी सापडून भाईंची नोकरी गेली असती. डॉक्टर भला माणूस होता, त्याचं मला बी वाईट वाटतंय. आईच्या पाल्याला खरंच गुण हाय का न्हाय, मला ठाव न्हाय. हे गोठ्यात थुंकतात ते मला लग्नाच्या वर्षापासनं ठाव हाय, म्हशीला बी ठाव हाय. ह्यांना काय बोलू नका, तुमच्या काळजीनंच लिवलंय ह्यांनी. तुम्ही बरं झाल्यावर पत्रात एवढंच लिवा की पाल्यानं उतरला. ते काय खोटं होणार न्हाय.