सीटची जागा

प्रिय शिडी,

परवा फोनवर तू म्हणालीस, आई, ती गाडी विकून टाक आणि इकडे ये राहायला. मी विषय बदलला, पडद्यांच्या कापडाचं काहीबाही सांगत बसले. ते तुझ्या लक्षात आलंच असणार. फोनवर मला नीट बोलता येत नाही; तू घाईत असतेस आणि मी तुझ्या घाईच्या धाकात. म्हणून हे पत्र.

आधी गाडीचं सांगते. मध्यंतरी तिने माझ्याशी असहकारच पुकारला होता. चावी फिरवली की दिवे लागायचे, रेडिओ गायचा, पण इंजिन ढिम्म. एका नव्या दवाखान्याचे पडदे शिवून तयार, मागच्या सीटवर घडी घालून ठेवलेले, आणि मी स्टिअरिंगसमोर नुसती बसलेली. वेळेवर लावून दिले नाहीत तर पुढचं काम कोण देणार? आणि काम नसलं तर या घरात मी दिवसभर करायचं काय, हा त्याहून मोठा प्रश्न. मेकॅनिकला बोलावलं. तो बसला, चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. तो गेला, मी बसले, पुन्हा ढिम्म. पुढच्या खेपेलाही तेच, तेव्हा तो माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहू लागला. शेजारीण म्हणाली, एकटं राहिलं की माणूस काहीतरी निमित्त काढतंच. मला भयंकर राग आला. पण तुला खरं सांगते, तो आला की मी चहा टाकायचे आणि त्याचा कप रिकामा होईपर्यंत मला बरं वाटायचं.

शेवटी तो म्हणाला, तुम्ही बसा, मी खालून बघतो. दार उघडं ठेवून, वाकून, त्याने टॉर्च मारला. क्लचच्या पेडलपाशी एक बटणासारखा स्विच असतो. क्लच पूर्ण दाबला की पेडल त्याला टेकतं आणि मगच गाडी सुरू होते. गिअरमध्ये राहिलेल्या गाडीने उडी मारू नये म्हणून ही सोय. स्विचला टेकणारी रबरी टिकली झिजून तिचे तुकडे पडत होते. मी ते बिस्किटाचा चुरा समजून रोज झाडत होते, बघ माझी हुशारी. आता पेडल पार तळाला गेलं तरच स्विच लागायचा. त्याच्या पायाने जायचं, माझ्या नाही.

"काकू, तुमचा पाय पोचतच नाही. एवढी मागे का ठेवलीय सीट?" असं म्हणत त्याने सीटखालच्या दांडीला हात घातला.

"ती हलवू नका," मी ओरडले. रस्त्याने जाणारी बाई थबकून बघायला लागली.

तुला आता कळलं असेल. बाबांनी जाण्याआधी गाडी शेवटची लावली, त्या दिवसापासून ती सीट तिथेच होती. मी पाठीशी जाड उशी घेऊन चालवायचे. त्या उशीतला कापूसही दबत गेला. पाय ताणून ताणून पोटऱ्या दुखायच्या, पण आत बसलं की ते आत्ताच उतरून काहीतरी आणायला गेलेत असं वाटायचं.

त्या बिचाऱ्याने दांडीवरचा हात काढून घेतला. नवी टिकली बसवली आणि मग हळूच म्हणाला, टिकली बदलली तरी क्लच अर्धवट दाबून चालवलीत तर एखाद्या उतारावर फसाल. ते मला पटलं. मी शिवणाचा निळा खडू आणला, सीट होती तिथे रुळावर रेघ मारली आणि माझ्याच हाताने सीट पुढे ओढली. गाडी सुरू झाली. पडदे पोचले, डॉक्टरीणबाईंनी कौतुकही केलं. इतकं हलकं वाटलं की घरी येऊन गाडी आतून ओल्या फडक्याने लख्ख पुसून काढली. शिवून झालं की खडूच्या खुणा पुसायच्या, ही या हातांची जन्माची सवय. फडकं पिळताना पाणी निळसर दिसलं, तेव्हा कळलं मी काय केलं ते.

मग सीट मागे नेऊन पाहिली. इथे होती की जरा अलीकडे, की पलीकडे? साऱ्या गावाच्या खिडक्या मापत फिरणारी मी, आणि घरातलं एवढं एक माप माझ्याजवळ नाही. तिथेच बसून खूप रडले.

म्हणून लिहिते आहे. तुझ्या पँटी मी बाबांच्याच मापावर बेतायचे, आठवतं? पायाची लांबी तंतोतंत तीच. म्हणून तर ते तुला शिडी म्हणायला लागले. गाडी विकायची की ठेवायची ते नंतर ठरवू. त्याआधी तू एकदा ये. त्या सीटवर बस, तुझ्या पायांना बरं वाटेल तिथे ती सरकव, मला काही विचारू नकोस. मी शेजारी बसेन, पूर्वी बसायचे तशी. मग खालच्या गालिच्यावर तिथे पक्क्या दोऱ्याचा टाका घालीन, आणि तू परत गेलीस की सीट पुढे ओढून कामाला लागेन.

तुझीच,
बुटकी आई